मागचं दार उघडं पाहिजे



या भित्तिपत्रकात मी नेहमी कोडी देते. या वेळी बाई म्हणाल्या, "कोडी पुरे झाली. तुला मनापासून काय वाटतं ते लिही." म्हणून मी माझे मत लिहीत आहे. ते कुणाला टोचले तर राग मानू नये. त्यात माझी स्वतःची चूक पण मी लिहिली आहे.

आपल्यात एक म्हण आहे, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." सगळे त्या नाऱ्याला हसतात. मला वाटतं, मांडवाला खरंच आग लागली असेल तर नाऱ्या शहाणाच म्हणायचा. त्याने निदान सांगितलं तरी!

गेल्या आषाढात आमच्या शाळेत आग लागली होती. मोठी नव्हती. पेपरात आली नाही. पण मी ती विसरले नाही.

त्या दिवशी पाऊस होता. मधली सुट्टी झाली तरी सगळी मुले आतच होती. आमच्या मोठ्या खोलीत पहिली आणि चौथी एकत्र बसतात. खोलीच्या पुढच्या दाराला लागूनच स्वयंपाकाची शेड आहे. काकू खिचडीला फोडणी देत होत्या. कढईतलं तेल फार तापलं आणि त्याने पेट घेतला. शेजारी कुणीतरी उभं होतं, त्यांनी घाईघाईत तांब्याभर पाणी ओतलं. मग तर जाळ भडकन छताला लागला आणि जवळचं रिकामं पोतं पेटलं. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. पाणी तेलापेक्षा जड असतं, ते तळाशी जातं, त्याची एकदम वाफ होते आणि ती पेटलेलं तेल वर उडवते. अशा वेळी गॅस बंद करायचा आणि कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवायची. हवा तुटली की जाळ विझतो. हे गुरुजींनी नंतर सांगितलं.

धूर आमच्या खोलीत आला. गुरुजींनी धावत जाऊन घंटा वाजवली. आमची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पण घंटा तर रोजच वाजते! दुसरीच्या मुलांना वाटलं सुट्टी संपली, ती पाटी-पुस्तकं काढून बसली. तिसरीच्या मुलांना वाटलं शाळा सुटली, ती दप्तर भरू लागली. आणि आम्ही सगळे पुढच्या दाराकडे पळालो. म्हणजे जिकडून धूर येत होता, तिकडेच पळालो. दारात चेंगराचेंगरी झाली. पहिलीची एक मुलगी पडली आणि तिच्या हातावर कुणाचा तरी पाय पडला. तो पाय माझा असेल असं मला अजून वाटतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

लिंबाखाली आल्यावर मला आठवलं की माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. तो बाहेर आला नव्हता. मी मोठी बहीण असून त्याला आत सोडून आले होते.

गुरुजी आणि काकू तोंडाला पदर-रुमाल लावून आत गेले. धाकटा बाईंच्या टेबलाखाली बसला होता. डोक्यावर दप्तर धरून गप्प बसला होता. त्याला बाहेर आणल्यावर तो खोकत खोकत म्हणाला, "मी बरोबर केलं ना? आजीनं सांगितलंय, भीती वाटली की टेबलाखाली बसायचं."

आजीने त्याला भूकंपाचं सांगितलं होतं. त्याने ते आगीला लावलं. भूकंपात टेबलाखाली बसणे बरोबर, पण आगीत टेबलाखाली लपणे म्हणजे धुरात अडकणे. पोरगं आज्ञाधारक होतं, तरी चुकलं. मी चौथीत असून नुसती पळाले, म्हणजे मीही चुकले. आम्हा दोघांना कुणी कधी करून दाखवलं नव्हतं.

आता मागच्या दाराची गोष्ट. आमच्या खोलीला मागे एक दार आहे. ते उघडं असतं तर निम्मी मुले धुराकडे न जाता मागून मैदानात गेली असती. पण त्या दाराला आतून तांदळाची पोती आणि दोन मोडके बाक लावले होते. दाराला कुलूप होतं. किल्ली कचेरीत आणि कचेरीला पण कुलूप. कुलूप का, तर मागून शेळ्या येतात आणि रात्री काही लोक ओट्यावर पत्ते खेळायला बसतात. हे कारण खरं आहे. पण शेळ्यांसाठी मुलांना कोंडायचं का? दिवसा आतून नुसती कडी लावावी आणि रात्री कुलूप घालावं. कडीला पोरांचा हात पोचेल अशी ती खाली असावी. पहिलीच्या मुलाला ती उघडता आली पाहिजे.

आणि त्या दाराच्या बाहेर कडब्याची गंजी आहे. ती कुणाची आहे हे गावात सर्वांना ठाऊक आहे. ती आमची आहे. माझ्या बाबांची.

गुरुजींनी त्या दिवशी ओलं पोतं टाकून आग विझवली. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. त्या मुलीचा हात सुजला होता, तो आठ दिवसांनी बरा झाला. सगळे म्हणाले, "देवाची कृपा, काही झालं नाही." पुढच्या आठवड्यात गुरुजींनी आम्हाला कुंभकोणमची गोष्ट सांगितली. तमिळनाडूत कुंभकोणम नावाचं गाव आहे. तिथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि ती वर्गाच्या गवती छपराला गेली. मुलांना बाहेर पडता आलं नाही. ९४ मुले गेली. आमच्यासारखीच लहान मुले होती. ती आग पण खिचडीच्या चुलीसारख्या साध्या ठिकाणीच सुरू झाली होती. नंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शाळेत आग विझवायचं साधन असावं आणि शिक्षकांना ते वापरायचं शिक्षण मिळावं.

आमच्या शाळेत ते लाल नळकांडं आहे. कचेरीत कपाटामागे आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने जाऊन पाहिलं. त्यावर एक छोटं घड्याळ असतं. काटा हिरव्यात असला म्हणजे ते भरलेलं आहे. आमचा काटा तांबड्यात होता.

त्यानंतर बाईंनी एकदा सराव घेतला. घंटा न थांबता वाजवली. सगळी ४१ मुले बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहीपर्यंत दोन मिनिटे चाळीस सेकंद लागले. दोघेजण दप्तर आणायला परत गेले. एकाची चप्पल राहिली म्हणून तो थांबला. बाकीचे हसत होते. बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ." पण मग सहामाही परीक्षा आली, दिवाळी आली, आणि आता लेझीम चालू आहे. पुढचा सराव झालाच नाही.

माझं मत असं की हा सराव दर महिन्याला झाला पाहिजे, आणि मागचं दार रोज उघडता आलं पाहिजे. याला लोक काय काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. त्याला माझं उत्तर लिहिते.

कुणी म्हणतं, अभ्यास बुडतो. आपण २६ जानेवारीच्या लेझीमसाठी महिनाभर रोज एक तास देतो. गॅदरिंगच्या नाचाला पंधरा दिवस देतो. शनिवारी कवायत करतो, सावधान-विश्राम करतो. मग खोलीतून नीट बाहेर पडायला महिन्यातून दहा मिनिटे देता येत नाहीत का? लेझीमचा ठेका चुकला तर लोक हसतात, तेवढंच. हा ठेका चुकला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि लेझीम पुस्तकात वाचून कुणाला येते का? हातापायांनी करावी लागते. तसंच हे आहे. पाठांतर तोंडाला होतं, पायाला होत नाही.

कुणी म्हणतं, लहान पोरांना काय कळतं. गुरुजींनी आम्हाला टिली स्मिथची गोष्ट सांगितली. ती इंग्लंडची मुलगी. २००४ साली ती दहा वर्षांची होती, म्हणजे माझ्याएवढी. २६ डिसेंबरला ती आईवडिलांबरोबर थायलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर होती. पाणी वेगळंच फेसाळताना दिसलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामी शिकवली होती. तिने आईवडिलांना सांगितलं आणि किनाऱ्यावरची माणसं वेळेवर हलवली. तिला कुणी शिकवलं होतं म्हणून तिला कळलं. आम्हालाही शिकवलं तर कळेल.

कुणी म्हणतं, इतक्या वर्षांत काही झालं नाही. याला उत्तर माझ्याजवळ नाही, माझ्या आजीजवळ आहे.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात. किल्लारी इथून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती विसर्जन करून उशिरा येऊन झोपले होते. तेव्हाची घरे दगडमातीची, भिंती दोन-तीन फूट जाड, वर मातीचं माळवद. ते सगळं अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसे गेली. आजी सांगते, त्याच्या आधी पण लोक म्हणायचे, आपल्याकडे काही होत नसतं.

आजीची मोठी बहीण त्यात गेली. आजी त्याबद्दल कधी बोलत नाही. पण आमच्या शाळेतल्या आगीच्या रात्री ती बोलली. म्हणाली, "ती दारापत्तुर आली व्हती गं. दाराच्या तोंडाला जवारीची पोती लावलेली. सुगीची आणून तिथंच ठेवलेली, उद्या उचलू म्हणून. दार आडलं की माणूस आडलं."

बाबा जेवत होते. ते काही बोलले नाहीत.

आता कुणी म्हणेल, किल्लारीचा भूकंप रात्री झाला, शाळेचा काय संबंध? गुजरातमध्ये २००१ साली भूकंप झाला तो २६ जानेवारीला, सकाळी पावणेनऊच्या सुमारास. अंजार गावात मुले झेंडावंदनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. आपली प्रभातफेरी पण जुन्या वाड्याच्या बोळातून जाते. त्या वाड्याची भिंत पोट काढून उभी आहे. पुढच्या वेळी फेरी हमरस्त्याने न्यावी, अशी माझी गुरुजींना विनंती आहे.

आणि जे म्हणतात, "शुभ बोल, कशाला आगीचं नाव काढलालीस?" त्यांना मी म्हणते, नाव काढल्याने आग लागत नाही. आमच्या शाळेत कुणी नाव काढलं नव्हतं, तरी लागलीच की.

मित्रहो, धाकट्याची चूक तुमची होऊ नये म्हणून कोणत्या वेळी काय करायचं ते खाली लिहिते. हे गुरुजींकडून तपासून घेतलं आहे. प्रत्येक संकटाचा नियम वेगळा आहे, तो वेगवेगळाच लक्षात ठेवा.

१. भूकंप : जमीन हलत असताना पळू नका. आपली शाळा सिमेंटची आहे, म्हणून बाकाखाली किंवा टेबलाखाली बसा, डोकं झाका, पाय घट्ट धरून ठेवा. म्हणजे टेबलाचा पाय. बाक नसेल तर खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी बसून डोक्यावर दप्तर धरा. हादरा थांबला की रांगेने मैदानात या. भिंतीजवळ, विजेच्या तारेखाली उभे राहू नका.

२. आग : लपू नका, बाहेर पडा. धूर वर जातो, म्हणून वाकून किंवा रांगत चला. तोंडाला रुमाल लावा. जिकडे धूर नाही त्या दाराने जा. दप्तर, चप्पल, डबा कशासाठीही परत जाऊ नका. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही. पळाल्याने जाळ वाढतो. तिथेच थांबा, आडवे पडा, लोळा.

३. भाजलं तर : नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. मग दवाखान्यात जा.

४. वीज कडाडली तर : झाडाखाली थांबू नका, मैदानात उभे राहू नका. पक्क्या इमारतीत या. आमचं लिंबाचं झाड आगीच्या वेळी चांगलं, पण विजेच्या वेळी वाईट. हे नीट लक्षात ठेवा.

५. साप चावला तर : चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. हलायचं नाही, मोठ्यांनी उचलून सरकारी दवाखान्यात न्यायचं. मंत्राने विष उतरत नाही, औषधाने उतरतं.

६. फोन : ११२ सगळ्या संकटांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ आगीच्या बंबासाठी. फोनवर आधी गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगा. बंब तालुक्याहून यायला वेळ लागतो. तोपर्यंतची मिनिटे आपलीच आहेत.

आता माझ्या मागण्या. मागण्या म्हणजे विनंती.

गुरुजी आणि बाईंना : घंटेचे टोले न थांबता वाजले तर धोका, हे सर्वांना पक्कं शिकवावं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कवायतीनंतर सराव घ्यावा, आणि कधीतरी न सांगता पण घ्यावा. बाहेर आल्यावर हजेरी घ्यावी, म्हणजे कोण आत राहिलं ते लगेच कळेल. लाल नळकांडं भरून आणावं आणि ते कचेरीत नको, व्हरांड्यात भिंतीला टांगावं. ते कसं वापरतात तेही दाखवावं. पिन ओढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची आणि इकडून तिकडे फिरवायची. आम्ही मुलांनी ते वापरायचं नाही, पण मोठ्या सर्वांना यायला पाहिजे.

चौथीच्या मुलामुलींना : आपण अकरा जण आहोत आणि पहिलीत नऊ जण आहेत. प्रत्येक पहिलीच्या मुलाला आपल्यातला एक जोडीदार देऊ. घंटा वाजली की आधी जोडीदाराचा हात धरायचा, मग दाराकडे जायचं. एकट्याने बाहेर आलो तर आपण बाहेर आलोच नाही असं समजायचं. ज्या मुलीचा हात सुजला होता, तिची जोडीदार मी होणार आहे. मी तिला विचारलं. ती आधी काही बोलली नाही, मग "हो" म्हणाली. आमच्या धाकट्याला माझी मैत्रीण घेणार आहे.

पालकांना : शाळेच्या दारासमोर, मागे किंवा पुढे, गाडी, ट्रॉली, गोवऱ्या, कडबा काही ठेवू नये. शाळेची जागा रिकामी दिसली म्हणून ती मोकळी पडलेली नसते. ती आमच्या पळायची वाट असते.

शेवटचं बाबांना. बाबा, तुम्ही आज झेंडावंदनाला आलात आणि हे वाचत असाल. मी घरी तीनदा सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुगी झाल्यावर बघू." आपल्या बैलांना कडबा लागतो हे मला माहीत आहे. पावसात भिजू नये म्हणून तुम्ही तो शाळेच्या आडोशाला रचला, हे पण माहीत आहे. पण वाळलेला कडबा आणि स्वयंपाकाची शेड यांत वीस पावलं पण नाहीत. मी मोजली आहेत. गंजी हलवायला मी आणि आई हात लावू. आजी म्हणाली, ती पण येईल. रविवारी सुट्टी आहे.

आतली पोती आणि मोडके बाक आम्ही चौथीच्या मुलांनी गुरुजींना विचारून काल सरकवले. दार आता आतून दिसतं. बाहेरून अजून दिसत नाही.

मंडळी, पुढच्या सरावाला गुरुजी घड्याळ लावतील. एका दाराने दोन मिनिटे चाळीस सेकंद लागले होते. दोन दारांनी किती लागतील? हे कोडं आहे. आधी म्हटलं होतं की या वेळी कोडी देणार नाही, पण हे एक देते. याचं उत्तर पुढच्या भित्तिपत्रकात लिहीन, दार उघडलं तर.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर लहान समजून माफ करावे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी